हिंगण्याची झोपडी आणि टोकियोची पुस्तिका

विचाराला देशाची सीमा नसते. तो समुद्र ओलांडतो, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातो आणि ज्याने त्याला जन्म दिला त्याच्या स्वप्नातही नसलेल्या भूमीत जाऊन रुजतो. मात्र रुजण्यासाठी त्याला कोणाच्या तरी हाताने घातलेले पाणी लागते. जगाच्या इतिहासातील असा एक थोर विचार वारजे गावाच्या अगदी शेजारी, जुन्या हिंगणे बुद्रुकच्या माळावर रुजला. आज त्या परिसराला कर्वेनगर म्हणतात आणि महानगरपालिकेच्या कारभारात वारजे-कर्वेनगर ही नावे जोडीनेच घेतली जातात. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या हजारो नागरिकांना हा इतिहास ठाऊक असावा, यासाठी हा अल्प प्रयत्न.

एकोणिसाव्या शतकातील पुण्यात उच्चवर्णीय घरांतील बालविधवेच्या वाट्याला येणारे आयुष्य फार कठोर होते. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न, कळत्या वयाच्या आधीच वैधव्य, नंतर केशवपन आणि उरलेले सारे आयुष्य कोणाच्या तरी स्वयंपाकघरात. शिक्षण नाही, उत्पन्न नाही, स्वतःचा असा एक पैसाही नाही. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू करून पहिला दिवा लावला होता. पुढे १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले व ते लवकरच पुण्यास आणले. या वाटेवर पुढे चालत आले ते धोंडो केशव कर्वे.

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवलीचा. घर मुरूडचे, स्थिती गरिबीची. चालणे हे त्यांच्या साऱ्या आयुष्याचे जणू चिन्हच होते. १८७५ साली एका सरकारी परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा भर पावसात सह्याद्रीचा घाट चढून मुरूडहून पायी साताऱ्यास गेला. परीक्षा-समितीच्या प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिले आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठविले. त्या नकाराने तो खचला नाही. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन तो पदवीधर झाला. लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर गोपाळ कृष्ण गोखले यांच्या आग्रहाने १८९१ साली कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले.

त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्या काळी तिशी ओलांडलेल्या विधुरासाठी बारा-तेरा वर्षांची वधू सहज मिळत असे. कर्वे यांनी मात्र विधवेशीच विवाह करण्याचा निश्चय केला आणि ११ मार्च १८९३ रोजी शारदा सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. याच पुढील काळातील आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. मुरूड गावाने दांपत्यावर बहिष्कार घातला. आपल्या आईला भेटणेही मुलाला कठीण व्हावे, अशी ती शिक्षा होती.

एका विवाहाने एका स्त्रीचे आयुष्य सावरते. शेकडोंचे सावरायचे तर संस्था हवी, हे गणिताच्या प्राध्यापकाला उमगले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिचे अध्यक्ष झाले. आश्रम प्रथम पुण्यात होता. पुढे प्लेगच्या साथीमुळे १९०० साली तो गावाबाहेर हलवावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील सहा एकर जागा आणि इमारतीसाठी ७५० रुपये दिले. त्यातून एक साधी झोपडी उभी राहिली. आजूबाजूला शेते आणि माळरान. शहराकडे जाणारा धड रस्ताही नव्हता. दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवून कर्वे सायंकाळी चार मैल चिखल तुडवीत हिंगण्यास येत. येताना आश्रमासाठी लागणारे सामानही बरोबर असे. रात्री मुलींना शिकवावे आणि सकाळी पुन्हा शहराची वाट धरावी, असा क्रम त्यांनी चालविला.

व्यापार-उदीम करणाऱ्यास या कार्यातील एक गोष्ट विशेष भावते, ती म्हणजे जमाखर्च. कर्वे सुटीच्या दिवसांत गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करीत. देणगी चार आण्यांची असो वा शंभर रुपयांची, तिची नोंद होई. ज्या समाजाला आश्रमाचा हेतूच मान्य नव्हता, त्याच समाजातील माणसे हळूहळू पैसे देऊ लागली, याचे एक मोठे कारण हा चोख हिशेब होते. मते जुळत नसली तरी वहीवर विश्वास बसला. मात्र या वहीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्राध्यापकाचे तुटपुंजे वेतन आश्रमाकडे वळत असताना घरचा प्रपंच ओढण्याचा भार बायांवर पडला. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात ती ओढाताण मोकळेपणाने सांगितली आहे. संस्थेच्या जमेत जे दिसते, त्यातील काही भाग कोणाच्या तरी घरच्या खर्चातून आलेला असतो.

बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्या आश्रमात आल्या, शिकल्या आणि आश्रमासाठी निधी जमविणाऱ्या प्रमुख कार्यकर्त्या झाल्या. इंग्रजी जेमतेम येत असताना पन्नाशीकडे झुकलेल्या या बाई १९१८ साली अमेरिकेस गेल्या. तेथे घरकाम करून त्यांनी निर्वाह केला, भाषा आत्मसात केली आणि संस्थेसाठी मदत मिळविली. ज्या स्त्रीला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्याची मनाई होती, तिने दोन महासागर ओलांडले.

आता त्या पुस्तिकेकडे वळू. जपानमध्ये जिन्झो नारुसे नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी १९०१ साली टोकियो येथे स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले होते. काशीचे देशभक्त बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्वे यांच्याकडे पाठविली. आशियातील एक देश आपल्या भाषेत, आपल्या परिस्थितीला अनुरूप असे उच्च शिक्षण स्त्रियांना देऊ शकतो, हे वाचून कर्वे यांचे मन झपाटले. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. तेथे त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि अवघ्या काही महिन्यांत, जून १९१६ मध्ये, ती अमलात आणली. डॉ. भांडारकर पहिले कुलपती झाले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले. इंग्रजी ऐच्छिक असावी असे महात्मा गांधींचे मत होते, पण कर्वे यांनी ती आवश्यक विषय म्हणून ठेवली. महाविद्यालयात प्रारंभी विद्यार्थिनी होत्या पाच.

या पाच जणींचे धाडस संस्थापकांइतकेच मोठे मानावे लागेल. विद्यापीठाला सरकारी मान्यता नव्हती. ‘गृहीतागमा’ ही त्याची पदवी सरकारी नोकरीच्या दारात ग्राह्य धरली जात नव्हती. बाजारात जे नाणे चालते की नाही हे ठाऊक नाही, ते कमविण्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे देणे, हा केवळ विश्वासाचा व्यवहार होता.

या विश्वासाला बळ मिळाले कापडाच्या पैशातून. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जपानच्या प्रवासात स्त्रियांचे ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले होते. १९२० साली त्यांनी आपल्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपयांची देणगी कर्वे यांच्या विद्यापीठास जाहीर केली आणि विद्यापीठाला मातोश्रींचे नाव दिले गेले. साडेतीन टक्के दराने या रकमेचे वर्षाला ५२,५०० रुपये व्याज होते. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर कार्य चालावे, ही दूरदृष्टी व्यापाऱ्याची. दोनच वर्षांनी, १९२२ साली, सर विठ्ठलदास कालवश झाले; त्यांच्या पत्नी प्रेमलीलाबाईंनी पुढे या विद्यापीठाच्या कुलगुरुपदाची धुरा वाहिली. १९३६ साली मुख्यालय मुंबईस गेले. एस. एन. डी. टी. म्हणून आज देशभर परिचित असलेले विद्यापीठ ते हेच.

सत्तरी उलटल्यावर, १९२९ साली, कर्वे जगप्रवासास निघाले. युरोपातील शिक्षण परिषदांत त्यांनी आपले कार्य मांडले, बर्लिन येथे आल्बर्ट आइन्स्टाइन यांची भेट घेतली आणि अमेरिकेवरून ते जपानला पोहोचले. ज्या विद्यापीठाची पुस्तिका हिंगण्यात वाचली होती, त्याच्या प्रांगणात ते स्वतः उभे राहिले.

या कार्याच्या मर्यादाही इतिहासाने नोंदविल्या आहेत. आश्रमाचा लाभ प्रारंभी प्रामुख्याने ब्राह्मण समाजातील विधवांपुरता राहिला आणि स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम असावा का, यावर सुधारकांतच मतभेद होते. कर्वे स्वतः मात्र एका जागी थांबले नाहीत. १९३६ साली त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद निवारणासाठी समता संघ स्थापन केला.

टोकियोच्या विद्यापीठाला पूर्ण दर्जा मिळाला १९४८ साली आणि कर्वे यांच्या विद्यापीठाला कायदेशीर मान्यता लाभली १९५१ साली. पस्तीस वर्षे मान्यतेवाचून काम चालू राहिले, ते थांबले नाही. १९५८ साली राष्ट्राने कर्वे यांना भारतरत्न अर्पण केले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचे कृतार्थ आयुष्य जगून त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

हिंगण्याची ती झोपडी संस्थेने आजही जतन करून ठेवली आहे. तिच्या आसपास शाळा, वसतिगृहे आणि १९९१ साली सुरू झालेले मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. जेथे कधी कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरविली गेली, तेथे आज मुली संगणक आणि यंत्रविद्या शिकतात. पन्नास, शंभर वर्षे टिकणारी संस्था कशावर उभी राहते, याचे उत्तर या परिसरातच आहे. कल्पना दूर देशाची असली तरी चालते, देणगी कोणाचीही असू शकते. पण रोज चार मैल चालणारे पाय आणि पै-पैचा हिशेब ठेवणारा हात आपल्यातूनच उभा राहावा लागतो. त्या पायांना आणि त्या हातांना विनम्र अभिवादन.