भवानीनगरचं खोटं भांडण आणि खरी ४९८-अ

वडूजमधून बोलतोय. इअरफोन लावून एसटीत बसला असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आजची सुरुवात भांडणानं आहे.

साल १९४३. भवानीनगरचं पोलीस ठाणं. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता, सगळा एकच मोठा सातारा होता. ठाण्याबाहेर एक दारुडा नवरा बायकोला मारतोय. बाई जिवाच्या आकांतानं ओरडतेय. नवरा मोठा दगड उचलतो आणि डोक्यात घालतो म्हणून धमकी देतो. आतले पोलीस धावत बाहेर येतात, मध्ये पडतात. तेवढ्यात मागून काही पोरं ठाण्यात शिरतात आणि रायफली, काडतुसं घेऊन पसार होतात.

ते भांडण नाटक होतं. ओरडणारी बाई म्हणजे हौसाताई पाटील, क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक, वय सतरा. दारुडा नवरा म्हणजे चळवळीतलाच एक कार्यकर्ता. ताई पुढं म्हातारपणी विट्याला राहायच्या, २०२१ साली गेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांना गाठून ही हकीकत लिहून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. त्यात एक मजेशीर तपशील आहे: नंतर ताईंनी त्या 'नवऱ्या'कडं तक्रार केली, एवढं जोरात कशाला मारलंस? तो म्हणाला, खरं वाटायला नको का!

ही गोष्ट मी बऱ्याच ठिकाणी ऐकलीय आणि दरवेळी लोक हसतात. मीही हसायचो. मग एकदा डोक्यात आलं, हा डाव यशस्वी का झाला? नवरा भर रस्त्यात बायकोला मारतोय यावर कुणाचाही चटकन विश्वास बसतो, हे त्या पोरांना पक्कं ठाऊक होतं. आणि पोलीस मध्ये पडतील, हेही त्यांनी गृहीत धरलं होतं. यातली पहिली गोष्ट आजही तशीच आहे. दुसरीबद्दल बोलायचंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. ९ सप्टेंबर १९४२ ला आमच्या वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, नऊ जण हुतात्मे झाले. हुतात्मा परशुराम यांचं नाव इथल्या पोरासोरांना माहीत असतं. अशा मोर्चांतून आणि दडपशाहीतून कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ पासून प्रतिसरकार उभं राहिलं. १९४६ पर्यंत साताऱ्याच्या शेकडो गावांत इंग्रजांच्या नाकावर टिच्चून ते चाललं. त्यांची न्यायमंडळं होती. लोक कोर्टात जाण्याऐवजी तिथं जायचे. दरोडेखोर, पोलिसांचे खबरे, नाडणारे सावकार यांना तिथं शिक्षा व्हायची. आणि बाईवर हात टाकणारे, बायकोला छळणारे, तिला टाकून देणारे पुरुषसुद्धा या यादीत होते.

शिक्षेचं नाव पत्री. पायाला खरोखर पत्रा ठोकायचे, अशी दंतकथा सगळीकडं पसरली आणि 'पत्री सरकार' हे नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. प्रत्यक्षात तळपायांवर काठीचे फटके असायचे. दंतकथेनं काम मात्र सोपं केलं. नुसत्या नावानं माणसं सरळ यायची.

आता मला विचाराल तर मी पत्रीचा भक्त नाही. वकील नाही, अपील नाही, चुकून निरपराध माणूस सापडला तर त्याचे पाय कोण भरून देणार? पण एक गोष्ट मान्य करायला पाहिजे. त्या काळच्या इंडियन पीनल कोडमध्ये बायकोच्या छळासाठी वेगळं कलमच नव्हतं. मारलं तर साधी दुखापत, त्याला जास्तीत जास्त एक वर्ष, तेही बाईनं कोर्टात जाऊन सिद्ध केलं तर. अशा वेळी कुणीतरी चावडीत उभं राहून 'बायकोला मारणं हा गुन्हा आहे' असं म्हणालं, ही मोठी गोष्ट होती. शिक्षा जवळची होती, लगेच होणारी होती. मात्र फटके खाऊन नवरा जायचा कुठं? त्याच घरी. आणि बाई? तीही त्याच घरी.

इथं माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. घरच्यांची परवानगी घेतलीय, नाव सांगणार नाही.

मी चौथीत होतो. आत्या रात्रीच्या गाडीनं माहेरी आली, उजवा हात गळ्यात. सकाळी आजोबा तिला घेऊन एका पोलीस ठाण्यात गेले. कुठलं ते राहू द्या. तिथल्या माणसानं आत्याला हाकललं नाही, उलट खुर्ची दिली, चहा दिला. आणि समजावलं: "ताई, कलम कडक आहे. जामीन लवकर मिळत नाही. मालक आत जाणार, नोकरी जाणार. मग तुम्ही आणि पोरं खाणार काय? विचार करून सांगा."

लक्षात येतंय का? कायदा कडक होता, आणि तोच कडकपणा तिला घाबरवायला वापरला गेला. गुन्हेगाराला बसायची ती भीती तक्रार करायला आलेल्या बाईला बसली. घरी आल्यावर चार माणसं बसली, मिटवामिटवी झाली, आत्या महिन्याभरात परत गेली. त्या चार माणसांत माझे वडील होते. ते आजही म्हणतात, त्या वेळी दुसरं काय करणार होतो? मला उत्तर देता येत नाही, म्हणून तर हा भाग करतोय.

ते कडक कलम म्हणजे ४९८-अ. १९८३ च्या दुरुस्तीनं आलं. नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी क्रूरपणे वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दखलपात्र, बिनजामिनी. आजच्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ८५ आणि ८६ झालंय. १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम आलं: लग्नापासून सात वर्षांच्या आत संशयास्पद मृत्यू आणि हुंड्यासाठी छळ दिसला, तर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

या कायद्यांमागं रस्त्यावरच्या बायका होत्या. दिल्लीत होत्या, तशा पुण्या-मुंबईतही. जून १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा ही तरुणी सासरी विषानं मेली. लग्नाला चार महिने झाले होते. बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिचं दुःख कळत होतं. सत्र न्यायालयानं नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं कायम केली. जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. ही आत्महत्या नसेलच असं म्हणता येत नाही आणि पुराव्याची साखळी पूर्ण नाही, हे कारण. परिस्थितीजन्य पुरावा कसा तपासायचा याचे पाच नियम त्या निकालात आहेत, वकिलीची पोरं आजही ते पाठ करतात. कायद्याच्या बाजूनं निकालाला बोट लावणं अवघड आहे. फाशी द्यायची तर पुरावा तेवढाच भक्कम हवा. पण चार भिंतींच्या आत साक्षीदार कोण असतो?

म्हणून मला १९८३ च्या दुरुस्तीतली दुसरी एक बाब शिक्षेपेक्षा जास्त कामाची वाटते, जिच्यावर कुणी बोलत नाही. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईनं आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर चौकशी आणि शवविच्छेदन करायचं. त्याआधी 'स्टोव्हचा भडका उडाला' म्हटलं की विषय संपायचा, संध्याकाळपर्यंत राख व्हायची. आता निदान कागद तयार होऊ लागला.

आणि शिक्षा वाढल्यानं मारहाण कमी झाली का? २०२२ मध्ये देशात महिलांवरच्या अत्याचाराचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले, त्यातले ३१.४ टक्के नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेचे. सगळ्यात मोठा गट हाच. आता याचा एक अर्थ असाही की बायका तक्रार करायला लागल्यात. तो अर्थ मला महत्त्वाचा वाटतो, कारण १९८३ च्या आधी या रकान्याला नावच नव्हतं. दुसऱ्या बाजूला, २०१४ च्या अर्णेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या कलमाखाली सरसकट अटक करू नका, त्याचा हत्यारासारखा वापर होतोय. खोट्या केसेस असतात का? असतात. पण आमच्या गल्लीत न झालेल्या केसेस मी जास्त मोजल्यात.

हौसाताईंच्याच पिढीतल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर. तरुणपणी त्या प्रतिसरकारच्या चळवळीत उतरल्या आणि चाळीस वर्षांनी याच सातारा-सांगलीच्या पट्ट्यात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत टाकलेल्या बायकांबरोबर उभ्या राहिल्या. या बायकांच्या मागण्या ऐका: स्वतःच्या नावावर रेशनकार्ड, घरासाठी जागा, कसायला जमीन. नवऱ्याला फटके द्या, हे पहिलं वाक्य नव्हतं. ज्या पिढीनं पत्री पाहिली होती, तिलाच हे उमगलं याचं मला फार नवल वाटतं.

कायद्याला हे उमगायला २००५ उजाडलं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. तो मुख्यतः दिवाणी आहे. घर कुणाच्याही नावावर असो, बाईला त्या घरात राहायचा हक्क. संरक्षणाचा आदेश, पोटगी, मुलांचा ताबा. आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. म्हणजे 'तुम्ही खाणार काय' या प्रश्नाला पहिल्यांदा कागदावर उत्तर आलं.

त्यानंतर आपण परत फाशीकडं वळलो. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रानं शक्ती विधेयक मंजूर केलं, बलात्काराला फाशीपर्यंतची तरतूद. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्यानं ते अमलात आलेलं नाही. त्यावर किती रील्स आल्या आठवतंय? कौटुंबिक हिंसाचाराच्या संरक्षण अधिकाऱ्यावर एक तरी पाहिली का? तुमच्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, हे या भागाची तयारी करेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

आत्या आता साठीला आलीय. मामा वारले. परवा तिला भवानीनगरची गोष्ट सांगितली, हौसाताईंनी कसं ओरडून पोलिसांना बाहेर काढलं ते. ती हसली नाही. म्हणाली, "बाहेर आले ना धावत? बरं झालं." आणि भाकरी थापायला लागली.

पुढच्या भागात येरळेच्या पुरांबद्दल बोलू. येतो.