पुरीमचा मुकुट आणि आपली वेणी

पुरीम जवळ आला की घरोघरी नातवंडांचा एकच धोशा सुरू होतो, "आजी, यंदा मी डोक्यावर काय घालू?" हल्ली याचे उत्तर दुकानात तयार मिळते. प्लास्टिकचा मुकुट आणावयाचा, एक दिवस मिरवावयाचा आणि दुसऱ्या दिवशी केरात टाकावयाचा. परंतु पुरीमच्या या साजाला मोठा इतिहास आहे आणि त्यात आपल्या समाजाचाही वाटा असू शकतो. तो वाचक बंधुभगिनींपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

एस्तेरच्या पुस्तकात मुकुट आणि लपणे या दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात आहेत. मर्दखयच्या सांगण्यावरून एस्तेरने आपली जात व कुळ कोणाला कळू दिले नाही. अहश्वेरोश राजाने तिच्याच मस्तकी राजमुकुट ठेवला. सोंगे घेण्याविषयी मात्र पुस्तकात एक अक्षरही नाही. ती चाल पुढे इटलीतील यहुदी लोकांत पडली. तेथील कार्निव्हलमध्ये मुखवटे घालून लोक रस्त्यावर येत, त्याचाच हा परिणाम असे अभ्यासक मानतात. पुरुषाने स्त्रीचा वेष घेऊ नये, असे अनुवादाच्या २२व्या अध्यायात सांगितले आहे. तरीही पुरीमच्या आनंदापुरते वेषांतर चालेल, असा निर्णय पादुआचे रब्बी यहुदा मिन्त्स यांनी दिला.

या देशात १९१२ साली अव्राहाम आल्देमा या शिक्षकाने तेल अवीवमध्ये पुरीमची मिरवणूक काढली. तिलाच १९३२ साली 'अदलोयादा' हे नाव मिळाले. मधल्या काळात, १९२६ ते १९२९ या वर्षांत, नर्तक बारूख अगदाती यांच्या पुरीमच्या नाचाच्या समारंभांत 'एस्तेर राणी' निवडली जाई. १९२८ साली हा मान त्सिपोरा त्साबारी या येमेनी मुलीला मिळाला. आपल्याप्रमाणेच पूर्वेकडून आलेल्या समाजाची मुलगी त्या गावाची राणी झाली, ही गोष्ट आमच्या मनाला फार भावते. कारण आपल्यावर उलटाच प्रसंग आला होता. एस्तेरने आपले कुळ लपविले; आपल्याला या देशात आपले कुळ सिद्ध करा असे सांगण्यात आले. आपल्या माणसांनी त्यासाठी धरणे धरले आणि अखेर १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे यहुदी असल्याचे मान्य केले.

कोकणात आपले वाडवडील पुरीमला 'होळीचा सण' म्हणत. हाईम सामुएल केहीमकर यांनी ते नाव आपल्या इतिहासग्रंथात नोंदविले आहे. १८९७ साली लिहिलेला तो ग्रंथ १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. अदार महिन्याची चतुर्दशी आणि फाल्गुनी पौर्णिमा बहुधा आगेमागेच येतात, म्हणून हे नाव पडले असावे. शेजारी शिमग्याची सोंगे निघत, ती आपली मुले ओट्यावर उभी राहून पाहत.

आता मुकुटाविषयी. आम्ही घरी दरवर्षी मुखवट्याचा साज करतो. पुठ्ठ्याचा अर्धा मुखवटा कापावा. गव्हाच्या पिठाची खळ शिजवून तीत ड्रेसिंगच्या गॉजच्या पट्ट्या बुडवाव्या व त्यांचे दोन थर मुखवट्यावर बसवून रात्रभर वाळू द्यावे. इतकी वर्षे वॉर्डात पट्ट्या बांधल्यामुळे हे काम आमच्या हातचे आहे. प्लास्टर वापरले तर मुलाची मान अवघडते. वाळल्यावर त्यावर जुन्या साडीचा जरीकाठ शिवावा. मग क्रेप कागदाची पांढरी व केशरी फुले करून, मोगरा-अबोलीची वेणी करतात तशी एक उजवीकडे, एक डावीकडे दोऱ्याने गाठवीत जावे. आपल्या आज्या त्यासाठी केळीच्या सोपटाचा दोरा घेत. येथे सुती दोरा चालतो. ही वेणी मुखवट्याच्या कडेने टाचावी आणि सगळा साज कापडी पट्टीवर शिवून कपाळाच्या वर, किंचित तिरपा बसवावा, म्हणजे डोळे मोकळे राहतात. शेवटी मुलाला तीनदा मान हलवावयास सांगावी. साज हलला नाही तर काम झाले.

मुखवटा इटलीचा, मिरवणूक तेल अवीवची, वेणी मात्र आपली. नातीने विचारले, "ही फुले अशी का बांधायची?" तर तिला नवगाव, रेवदंडा, पेण ही नावे सांगता येतात. दुकानातला मुकुट हे सांगू शकत नाही. वेणी गाठविणारे हात आता आपल्या समाजात थोडे उरले आहेत. यंदाच्या पुरीमला एक संध्याकाळ मुलांना जवळ बसवा आणि त्यांच्या हातात दोरा द्या.

सर्वांना हाग पुरीम सामेयाख!