कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीत काय करतं?
कॉलऱ्याचे जंतू आतड्यात विष सोडतात, हे १९५९ मध्ये कलकत्त्यात डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं. हे विष पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या कारखान्यात शिरतं आणि बिघडलेल्या प्रथिनाचं सोंग घेतं. पेशी त्याला कारखान्याबाहेर काढते आणि इथेच फसते. सुटलेलं विष पेशीतली एक कळ सतत चालू ठेवतं. मग क्षार आणि पाणी आतड्यात वाहू लागतं, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात.

पण साखर आणि मीठ मिळून पाणी आत ओढण्याची वाट शाबूत राहते. म्हणूनच ओआरएस जीव वाचवतं. जुलाब लागताच आपण ते पाजायला घ्यावं, बाळाचं अंगावरचं दूध थांबवू नये आणि लगेच दवाखाना गाठावा.