विक्रांत : तरंगत्या संग्रहालयाचा जमाखर्च

रामटेकच्या गडावरून अंबाळा तलाव दिसतो. समुद्र शेकडो मैल दूर. तरी रस्त्यावर बजाजची ‘व्ही’ मोटारसायकल दिसली की मला ‘विक्रांत’ आठवते. २०१६ साली आलेल्या या गाडीच्या पेट्रोल टाकीत त्या मोडीत काढलेल्या युद्धनौकेचा धातू आहे.

१९६१मध्ये नौदलात आलेल्या, १९७१च्या युद्धात चितगाव आणि कॉक्स बाजारवर विमाने पाठवणाऱ्या या नौकेला ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्ती मिळाली. मग मुंबईत तिचे तरंगते संग्रहालय झाले. खाऱ्या पाण्यात उभे असलेले २१३ मीटर लांबीचे लोखंड रोज गंजते. त्याला वरचेवर रंग, डागडुजी, गोदी लागते. नौदलाचे काम लढण्याचे. राज्य सरकारने खर्च झेपत नाही म्हणून हात वर केले. २०१२ला सुरक्षेच्या कारणाने दारे बंद झाली, २०१४ला सुमारे साठ कोटींना लिलाव. न्यायालयातली धडपडही फळली नाही.

विशाखापट्टणमला निराळे घडले. ‘कुरसुरा’ पाणबुडी २००१ला निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी किनाऱ्यावर, कोरड्या जमिनीवर, संग्रहालय म्हणून उघडली. कारभार नगरविकास प्राधिकरणाकडे, माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक, शिवाय तिकिटाचे उत्पन्न. पाणबुडी विक्रांतपेक्षा कितीतरी लहान, हे खरे. पण तिला पहिल्यापासून एक ठरलेला धनी होता, मला हाच फरक मोठा वाटतो.

आता निवृत्त ‘गुलदार’ सिंधुदुर्गात निवतीजवळ पाण्याखाली ठेवून पर्यटकांना दाखवायची योजना आहे. तिचे कागद हाती आले, तर देखभालीचा खर्च कोणाच्या नावावर टाकला आहे, ते पान मी आधी उघडीन.