परीक्षेबाहेरचे गणित : द. रा. कापरेकर आणि कोड्यांद्वारे मूल्यमापन

महाविद्यालयीन गणिताच्या अंतिम परीक्षेस कोड्यांचा पर्याय असावा, हा विचार सामान्यतः पाश्चात्त्य समजला जातो. तथापि सायखेडा ज्या नाशिक जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील देवळालीच्या एका शाळाशिक्षकाचे कार्य या संदर्भात तपासून पाहण्याजोगे आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांना फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. ते परीक्षेतील गुणांसाठी नव्हे, तर गणितातील स्वतंत्र कामासाठी होते. यात एक गंमत आहे. रँग्लर र. पु. परांजपे यांची कीर्ती परीक्षेनेच घडविली होती. १८९९ मध्ये केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत ते संयुक्तपणे पहिले आले. ठरावीक प्रश्न वेगाने सोडविण्याचा सराव खासगी शिक्षकांकडून करून घेण्याची तेथे रूढी होती. त्या परीक्षेची गुणानुक्रमे यादी लावण्याची प्रथा केंब्रिजने १९०९ नंतर सोडून दिली. मुंबई विद्यापीठाचे (१८५७) आरंभीचे मुख्य कार्य मात्र परीक्षा घेणे हेच होते, आणि तो साचा आपल्याकडे दीर्घकाळ टिकला.

कापरेकरांनी १९३० ते १९६२ देवळालीत अध्यापन केले. पदव्युत्तर शिक्षण नसल्याने त्यांचे संशोधन अनेकांनी क्षुल्लक मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा ते जगभर पोहोचले. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक (१९४९) प्रसिद्धच आहे. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी. हीच कृती पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ - २३४५ = ३०८७, पुढे ८७३० - ०३७८ = ८३५२, आणि ८५३२ - २३५८ = ६१७४. कोणत्याही संख्येस सातपेक्षा अधिक पायऱ्या लागत नाहीत.

परंतु हेच कोडे प्रश्नपत्रिकेत छापले तर उपयोग नाही. उत्तर पाठ होते, आणि मार्गदर्शक पुस्तिका ते पुढल्याच वर्षी छापतात. मूल्यमापनास योग्य असा प्रश्न त्यापलीकडचा आहे : दोन अंकी संख्यांत काय घडते? तेथे स्थिरांक सापडत नाही; ९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते (९ हे ०९ असे लिहावे लागते). असे का, हे सांगताना विद्यार्थ्यास प्रत्येक वजाबाकी ही दोन अंकांतील फरकाची नऊपट असते, हे स्वतः शोधावे लागते. मग शक्य उत्तरे नऊच उरतात आणि ती सारी तपासता येतात. ज्याने चक्र शोधले पण कारण दिले नाही, त्यास काही गुण द्यावेत. ज्याने कारण दिले पण एखादी वजाबाकी चुकविली, त्यास अधिक द्यावेत. प्रचलित उत्तरतालिकेत नेमके याच्या उलट घडते. अशी उत्तरपत्रिका तपासण्यास वेळ अधिक लागतो, आणि मोठ्या वर्गाच्या प्राध्यापकास तो कोठून मिळावा, ही या पर्यायातील खरी अडचण आहे.