पिशवी काढण्याआधी एक प्रश्न

गर्भाशयात गाठ निघाली की आपल्याकडे सल्ला ठरलेला: "पिशवीच काढून टाका, कटकट नको."

शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्येही हेच चालायचं. तिथले सर्जन व्हिक्टर बॉनी यांच्या पत्नीची पिशवी फायब्रॉईडच्या गाठींमुळे तरुणपणीच काढावी लागली. मूल झालं नाही. मग बॉनींनी ध्यासच घेतला: गाठी काढायच्या, पिशवी वाचवायची. रक्तस्राव आवरायला खास चिमटा बनवला. एकाच पिशवीतून त्यांनी २२५ गाठी काढल्याची नोंद आहे! पुढे दुर्बीण आली. आता बऱ्याच गाठी पोट न फाडता काढता येतात.

आणि आपल्याकडे? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. पाळीच्या दुखण्यात खाडा पडला तर मजुरी कापली जाते, त्यात कॅन्सरची भीती घातलेली.

कधी कधी पिशवी काढावीच लागते, मान्य. पण "फक्त गाठ काढून भागेल का?" हे सही करण्याआधी विचारा. शक्यतो दुसऱ्या डॉक्टरलाही.