रात्रिभोजनत्याग आणि देहातील घड्याळ

दशवैकालिक सूत्रात मुनींच्या पाच महाव्रतांनंतर रात्रिभोजनविरमण हे सहावे व्रत सांगितले आहे. रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाची सहावी प्रतिमाही हीच. कारण मात्र पचनाचे नव्हे, अहिंसेचे. दिव्याच्या उजेडातही सूक्ष्म जीवांची हिंसा टळत नाही, असे अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात बजावले. तेव्हा या व्रताला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज कधीच नव्हती.

विज्ञान आले ते वेगळ्याच वाटेने. १९७१ मध्ये कोनोप्का व बेंझर यांना फळमाशीत कालचक्राचे जनुक गवसले. त्याच वाटेवरील संशोधनाला २०१७ चे नोबेल मिळाले. मेंदूतील मुख्य घड्याळ प्रकाशावर चालते. यकृताचे घड्याळ जेवणाच्या वेळेने सरकते, हे २००० मध्ये उंदरांत दिसले. माणसात रक्तातील साखर आवरण्याची शक्ती सकाळपेक्षा सायंकाळी कमी असते.